घासून काढलेले सोने

लान्स नायक एकनाथ याच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा मी शपथेवर खोटे बोललो. प्रश्न एका ओळीचा होता आणि माझे उत्तर दोन शब्दांचे. त्या दोन शब्दांमुळे माझी नोकरी स्वच्छ राहिली आणि दोष मेलेल्या माणसाच्या नावावर चढला. ही गोष्ट मी एकोणीस वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलासुद्धा नाही.

मी शहापूरजवळच्या सापगावचा. सैन्यात चोवीस वर्षे होतो, सिग्नलच्या कामात. माझे काम वायरलेस सेट सांभाळण्याचे आणि दुरुस्त करण्याचे. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता वय छप्पन्न आहे. शहापुरात रस्त्यालगत माझे एक लहान दुकान आहे. तिथे मी शेतीपंपांचे स्टार्टर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक स्टार्टर उघडून आणतो, आतले काळे पडलेले पॉइंट दाखवतो आणि सांगतो, "फौजी, जरा पॉलिश पेपर मारून चकाचक करून द्या."

"ते चांदीच्या मिश्रणाचे आहेत. काळे असले तरी काम करतात. घासायचे नाहीत."

"लष्करात व्हता न् चकाचक नको म्हंता? तुमच्यासारखा फौजी नाय बघितला."

तो हसतो. मीही हसल्यासारखे करतो. नागरिकांना सैन्यातली चमक फार आवडते. बुटाची, पट्ट्याच्या बकलाची, बिल्ल्याची. त्या चमकेने काय केले, ते या लेखात सांगतो.

पोस्टिंग ईशान्येच्या सीमेवर होते. एका पायदळाच्या बटालियनला आमची सिग्नलची लहान तुकडी जोडून दिली होती. पोस्ट नदीच्या काठावर, चढावर होती. वर्षातले आठ महिने हवा ओली. धुतलेला गणवेश चार दिवस वाळत नसे. चुलीत ओली लाकडे आणि रॉकेल जळे, त्याचा धूर बंकरमध्ये बसून राही.

अशा हवेत प्रत्येक धातू आपापल्या रीतीने खराब होतो. लोखंड गंजते हे सगळ्यांना ठाऊक असते. पितळेवर हिरवा थर चढतो. चांदी धुरातल्या गंधकाने काळी पडते. जोराच्या विजेला तो थर फारसा अडवत नाही, पण वायरलेसच्या कानात येणाऱ्या बारीक विजेला अडवतो. कथिलाचा मुलामा दिलेली पिन वाहनात सतत हादरत राहिली की तिच्या टोकावर करडी भुकटी साठते. ॲल्युमिनियम बाहेरून पांढरे आणि शांत दिसते, पण त्याच्यावरचा तो पांढरा थर वीज जाऊच देत नाही. एकटे सोने तेवढे बदलत नाही. म्हणून हँडसेटच्या प्लगमधल्या पाच पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. हँडसेट म्हणजे सेटला जोडलेला, टेलिफोनसारखा कानाला लावून बोलण्याचा भाग.

तो मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो. खाली निकेल आणि त्याखाली तांबे. ट्रेड कोर्समध्ये आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते, "सोन्याला फक्त स्पिरिट आणि सुती कापड. ज्याने पेपर लावला, त्याने आपल्या हाताने सेट मारला." खालचे तांबे एकदा उघडे पडले की ते नुसते खराब होत नाही. शेजारी सोने शिल्लक असेल, तर ओल्या हवेत ते एरवीपेक्षाही लवकर खाल्ले जाते. परीक्षेत हे उत्तर मी पूर्ण लिहिले होते. मला पूर्ण गुण मिळाले होते.

त्या वर्षी पोस्टचे इन्स्पेक्शन ठरले. वरून आदेश आला की सामानावर डाग दिसता कामा नये. जवानांनी दगडांना चुना लावला, पाण्याच्या टाकीला रंग दिला. माझ्याकडे आठ हँडसेट होते. त्यांच्या पिनांवर तेलकट, तपकिरी मळ बसला होता. स्पिरिट संपले होते आणि पुढचा पुरवठा इन्स्पेक्शननंतर येणार होता. मी बारीक पॉलिश पेपर घेतला. आठ हँडसेट, चाळीस पिना. दोन तासांत सगळ्या लखलखू लागल्या. त्या सोनेरी न दिसता तांब्यासारख्या गुलाबी दिसत होत्या, हे माझ्या लक्षात आले होते. ते पाहूनही मी थांबलो नाही.

निरीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक प्लग उजेडात धरला. "व्हेरी वेल मेंटेन्ड," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मला शाबासकीचे पत्र मिळाले. ते मी घरी पाठवले. वडिलांनी चौकट करून भिंतीवर लावले.

एकनाथ आमच्या तुकडीतला ऑपरेटर. मुरबाड–माळशेज रस्त्यावरच्या टोकावड्याचा, कुणब्याचा मुलगा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. रँकने मी वरचा असूनही खाजगीत तो मला दादा म्हणे. एवढ्या दूर ठाणे जिल्ह्यातले आम्ही दोघेच. सगळ्या पोस्टवर मराठी समजणारा तिसरा माणूस नव्हता. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी यांवर आम्ही तास-तास बोलत असू. सेटच्या बाबतीत तो माझ्याहून काटेकोर होता. पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून, परतला की आधी सेट पुसायचा, मग बूट काढायचा.

इन्स्पेक्शननंतर सात आठवड्यांनी, दुपारी साडेचार वाजता, तो हँडसेट घेऊन माझ्या टेबलाजवळ आला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पेट्रोलबरोबर निघायचे होते.

"दादा, ह्याचा प्लग जरा हलला का आवाज जातो. परत हलवला का येतो."

"बॅटरी बघितलीस?"

"बॅटरी नवी हाय. बॅटरीचा काय बी संबंध नाय. पिनांत हाय काय तरी."

मी प्लग उघडला. पाचांपैकी दोन पिनांच्या मुळाशी हिरवट थर होता. एक पिन काळवंडली होती. मला कारण त्याच क्षणी कळले.

स्टोअरमध्ये एक सीलबंद हँडसेट होता. तो काढायचा तर खराबीचे कारण लिहून अधिकाऱ्यांची सही घ्यावी लागे. मला लिहावे लागले असते की पिनांचा मुलामा घासला गेला आहे. मग बाकीचे सात उघडले गेले असते. मग शाबासकीच्या पत्राचा विषय निघाला असता.

मी कापडाने पिना पुसल्या. प्लग लावला. आवाज आला.

"झालं. घट्ट बसव आणि हलू देऊ नकोस."

"नदी उतरताना हलनार नाय तर काय करनार, दादा? दुसरा देता का?"

"दुसरा नाही."

त्याने हँडसेट उचलला आणि हसून म्हणाला, "नाय तर नाय. तुमचा हात लागला म्हंजे चालंल." आणि गेला.

पेट्रोल पहाटे साडेपाचला निघाले. नायब सुभेदार कमांडर, त्यांच्यासह अकरा जण. परतीच्या वाटेवर नदी ओलांडायची होती. वेळ सव्वानऊच्या सुमारास. सहा, सात आणि आठ वाजता एकनाथचा आवाज व्यवस्थित आला आणि माझा त्याला गेला. पुढचा संपर्क नदीत उतरण्यापूर्वी ठरला होता. आठनंतर माझा जोडीदार ऑपरेटर नाश्त्याला गेला. कंट्रोलच्या सेटवर मी एकटा होतो.

नऊ वाजून सहा मिनिटांनी नदीच्या वरच्या अंगाच्या पोस्टवरून टेलिफोन आला. डोंगरात पाऊस झाला होता, पाण्याचा लोंढा निघाला होता. बटालियनच्या ॲडज्युटंट साहेबांनी आदेश दिला, "पेट्रोलला थांबव. नदीत उतरू देऊ नको." आणि ते कमांडिंग ऑफिसरना सांगायला धावले.

वायरलेसवर आमच्या कंट्रोलचे नाव चार्ली, पेट्रोलचे चार्ली थ्री. मी सेटवर बोललो, "चार्ली थ्री, फॉर चार्ली. नदी पार नहीं करना. आय से अगेन, नदी पार नहीं करना. ॲक्नॉलेज. ओव्हर."

उत्तर नाही.

पुन्हा बोललो. उत्तर नाही. चौथ्या वेळेनंतर एकनाथचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "चार्ली, फॉर चार्ली थ्री. आपकी आवाज नहीं आ रही है. पेट्रोल प्लॅन के मुताबिक नदी पार कर रही है. टाइम झिरो नाइन वन टू."

मी त्याच्या बोलण्यावरच ओरडलो. त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. बोलण्याची पिन शाबूत होती, ऐकण्याची गेली होती. मी त्याचा शब्दन् शब्द ऐकत होतो आणि त्याला थांबवू शकत नव्हतो. वायरलेसच्या नेटवर मराठी बोलायला मनाई होती आणि त्याने ती कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. हँडसेटचे बोलण्याचे बटण सोडण्यापूर्वी तो म्हणाला, "दादा, पिन परत गेली."

त्यानंतर सेटवर काही आले नाही.

पुढचे मला नायब सुभेदार साहेबांनी सांगितले. आठ जण पलीकडे पोहोचले होते. नदीवर बांधलेल्या दोराला धरून तिघे पाण्यात होते. मध्ये एकनाथ, त्याच्या मागे सिपाही दिलबाग. पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत यायला जेमतेम अर्धे मिनिट लागले. दोर तुटला नाही, हात सुटले. पुढचा जवान ओढून काढता आला. दिलबागने एकनाथला सेटच्या पट्ट्याने धरले आणि दोघेही गेले. संध्याकाळी चार किलोमीटर खाली एकनाथ सापडला. सेट पाठीवरच होता. ऑपरेटर सेट टाकत नाही, हे आम्हीच शिकवतो. दिलबाग तिसऱ्या दिवशी सापडला.

सेट तपासणीसाठी माझ्याकडे आला. नियम तसाच होता. सेट सांभाळणारा मीच, म्हणून पहिला अहवालही माझाच. मी प्लग उघडला. दोन पिना हिरव्या होत्या. एका दिवसाच्या पाण्याने तसा थर चढत नाही. नवीन पुरवठ्यातले स्पिरिट आता माझ्यासमोर होते. मी पिना पुसल्या. मग लिहिले की प्लगमध्ये पाणी शिरले आहे, अन्य दोष नाही. लॉगमध्ये मी त्याचा अखेरचा संदेश फक्त हिंदी भागापुरता नोंदवला.

चौकशीच्या अधिकाऱ्यांनी मला अकरा प्रश्न विचारले. दहांची उत्तरे खरी होती. अकरावा प्रश्न असा होता, "डिड द ऑपरेटर रिपोर्ट एनी डिफेक्ट बिफोर डिपार्चर?"

मी म्हणालो, "नो, सर."

निष्कर्ष त्यावरच उभा राहिला. ऑपरेटरने निघण्यापूर्वी सेटची योग्य तपासणी केली नाही आणि प्लगमध्ये पाणी जाऊ दिले. उरलेल्या सात हँडसेटच्या पिना मी एकेक करून बदलून घेतल्या, वेगवेगळी कारणे लिहून. कोणी विचारले नाही.

त्याआधीच, चौकशी चालू असताना, एकाच जिल्ह्याचा म्हणून शव घरी पोहोचवण्याची ड्यूटी मला मिळाली होती. टोकावड्याला पोहोचलो तेव्हा दुपार होती. शेताच्या कडेला सगळे गाव उभे होते. एकनाथची पत्नी सुगंधा सात महिन्यांची गरोदर होती. त्याचे वडील, बारकूबाबा, रडत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतले.

"हवालदार, एक सांगा. पोराच्या हातून काय चुकी झाली का?"

मी गणवेशात होतो. सावधान उभा होतो. म्हणालो, "चौकशी चालू आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. त्या एका वाक्यातून त्यांना जे समजायचे ते समजले असावे. सहा महिन्यांनी शेजारच्या गावातला एक जवान सुट्टीवर आला आणि निष्कर्षाची बातमी घेऊन आला. पुढे बारकूबाबा गावकीत काही बोलायला उठले की कोणीतरी म्हणे, "पोराला आधी सेट बघायला शिकवायचा व्हता." ते गावकीत जायचे बंद झाले. सात वर्षांपूर्वी वारले. मी अंत्यविधीला गेलो नाही. त्या रस्त्याने जायचे टाळता यावे म्हणून मी एकोणीस वर्षांत एकदाही माळशेजच्या एस्टीत बसलो नाही.

या वर्षी टोकावड्याच्या शाळेच्या आवारात शिळा बसवायचे ठरले. आसपासच्या गावांतले जे जवान सेवेत असताना मरण पावले, त्यांची नावे त्यावर यायची होती. एकनाथच्या नावाला हरकत निघाली. सुगंधाचा फोन दुकानात आला.

"भावजी, मी सुगंधा, टोकावड्याची. वळखलंत का?"

"ओळखलं, वहिनी."

"ते म्हंतात, चुकीनं मेला त्याचा नाव कशाला. दुसरा एक जवान त्याच्यापायी गेला म्हंतात. रविवारी गावाची बैठक हाय. तिकडं असलेला मानूस तुमी एकलेच. येऊन खरा काय ते सांगा. चुकी असंल तर चुकी सांगा. मी ऐकीन. पन ह्या लोकांच्या तोंडून नाय ऐकनार."

मी "येतो" म्हणालो. त्या संध्याकाळी पत्नीला समोर बसवून सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, "आणि त्याची बायको इतकी वर्षं काय ऐकत राहिली असेल?" दुसऱ्या दिवशी मी युनिटला आणि अभिलेख कार्यालयाला लेखी जबाब पाठवला. उत्तर अजून आलेले नाही. आले तर ते जे सांगतील ते मला मान्य आहे.

रविवारी सकाळी अकराला शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. साठेक माणसे असतील. सरपंच मध्ये, सुगंधा बायकांच्या पुढे. हरकत घेणारे दामूशेठ खुर्चीवर. त्यांचा पुतण्या सीमेवर गोळी लागून गेला होता आणि त्याचे नाव शिळेवर पहिले होते.

"माझा एकनाथशी काय वाकडा नाय," दामूशेठ म्हणाले. "पन गोळी खाऊन गेलेला न् स्वताच्या हयगयीनं गेलेला, दोघं एका दगडावर? उद्या पोरं विचारतील तर काय सांगायचा?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "तुज्या पुतन्याच्या बाजूला जागा कमी पडते का रे, दाम्या?"

लोक हसले. सरपंचांनी हात वर केला आणि माझ्याकडे पाहिले.

मी उठलो. जे वर लिहिले आहे, तेच क्रमाने सांगितले. इन्स्पेक्शन, पॉलिश पेपर, चाळीस पिना. दुपारी साडेचारला त्याने केलेली तक्रार. स्टोअरमधला सीलबंद हँडसेट. नऊ बाराचा संदेश आणि त्याचे शेवटचे मराठी वाक्य. स्पिरिट. अकरावा प्रश्न आणि त्याचे उत्तर. लष्करी सवयीने मी वेळा सांगितल्या, संख्या सांगितल्या. आवाज कुठे कापला नाही. त्याचा मला त्या क्षणी किंचित अभिमानही वाटला, हेही इथे कबूल करतो.

दामूशेठ म्हणाले, "मंग एवढी वर्सं काय झोपला व्हता का?"

"नाही. घाबरलो होतो."

"कोनाला?"

दामूशेठनी तोंड फिरवले आणि सरपंचांना सांगितले, "लिवा नाव. माझी हरकत नाय."

सरपंचांनी वहीत नाव लिहिले. मी खाली बसू लागलो. तेवढ्यात सुगंधा उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. फोनवर ती मला भावजी म्हणाली होती.

"हवालदार," ती म्हणाली, "तुमी रिपोर्ट दिला. चांगला दिला, समदा समजला. पन माफी नाय मागितली तुमी."

तिचे खरे होते. मी टोपी काढून हातात घेतली. काय बोलायचे ते ठरवून आलो नव्हतो, आणि या वेळी आवाज कापला.

मी म्हणालो, "लान्स नायक एकनाथ, तू सेट तपासला होतास. तू मला येऊन सांगितलेस आणि मी तुला परत पाठवले. चूक माझी होती आणि ती मी तुझ्यावर ढकलली. सिपाही दिलबाग, तू त्याला सोडले नाहीस. तुझ्या घरच्यांनाही मी खोटे ऐकू दिले. बारकूबाबा, तुमच्या पोराच्या हातून काही चुकले नव्हते. हे त्याच दिवशी सांगायला हवे होते. वहिनी, मला माफ करू नका. पण मी माफी मागतो."